काटेपूर्णेवरची दांडी

बोरवंडात समुद्र नव्हता आणि कधी येण्याचा संभवही नव्हता. गावाला होती ती काटेपूर्णा, आणि तीही उन्हाळ्यात इतकी आटायची की बायका लुगड्याचा काठ न भिजवता पलीकडे जायच्या. तरी या गावात एके वर्षी जहाजांसाठीचा दिवा उभा राहिला. बांधला खुशालरावांनी, पण आल्यागेल्याला 'आमचा दिवा' म्हणून दाखवायला अख्खं गाव पुढे असायचं. पुढे त्या दिव्याखाली जे झालं ते मात्र एकट्या जयवंताच्या वाट्याला आलं. त्यात हिस्सा मागायला कुणी पुढे झालं नाही.

दिवस कापसाचे होते. दूर समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भावाभावांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब उघडलं होतं. हे सगळं कुणाला नीट कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही नव्हती. अकोल्याच्या बाजारात गाडी उभी केली की दलाल धावत यायचे, एवढं पुरे होतं. कालपर्यंत पायात जोडा नसलेली माणसं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागली. लग्नात कलावंतीण अमरावतीहून आणायची की थेट हैदराबादेहून, यावर घराघरांत भांडणं होऊ लागली.

खुशालरावांची जमीन गावात सगळ्यांत जास्त, म्हणून तोराही सगळ्यांत जास्त. घरात ते, त्यांची बायको माणिकबाई, धाकटा भाऊ सहदेव आणि सहदेवाची बायको जयवंता. जयवंता बार्शीटाकळीच्या पुंजारामची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली, बापाने तिला पाठीवर घेऊन औत हाकलेलं. लग्न होऊन ती नदीच्या या काठाला आली तेव्हा पुंजाराम दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून गाडी जुंपून यायचा. कधी गूळ, कधी नवे वाल, कधी नुसतंच 'इकून जाऊन राह्यलो होतो' म्हणून. बार्शीटाकळीहून बोरवंड कुठल्याच वाटेवर लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग तो आषाढ आला. भाव आणखी चढेल म्हणून खुशालरावांनी कापूस तोवर राखून ठेवला होता. भाव चढला, आणि त्याच दिवशी नदीही चढायला लागली. गावाखालच्या उतारावर, म्हणजे जिथे नदीचा तळ पक्क्या दगडाचा आहे आणि गाड्या पाण्यातून पार होतात तिथे, गाड्यांची रांग लागली. खुशालरावांना धीर निघेना. वरच्या अंगाला हाकेच्या अंतरावर जुना उतार होता. त्यांनी सहदेवाला सांगितलं, जुन्या वाटेनं गाडी घाल, लहानपणी आपण तिथूनच जायचो. त्याच पावसाळ्यात एका पुराने तिथला तळ खरवडून नेला होता आणि खाली डोह पडला होता, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. काठ तसाच होता, गुळगुळीत आणि सपाट. सहदेवाने थोरल्या भावाचा शब्द कधी मोडला नव्हता, तो त्याने त्याही दिवशी मोडला नाही.

तेराव्याला सगळा गोतावळा बसलेला असताना पुंजाराम उठला आणि खुशालरावांसमोर जाऊन उभा राहिला. "जुन्या वाटेनं घाल असं कोन म्हनलं?" एवढंच त्याने विचारलं. खुशालराव नशिबाबद्दल बोलले, काळाबद्दल बोलले, देवाच्या मनाबद्दल बोलले. पुंजारामने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मी देवाचं इचारलं नाई. तुमचं इचारलं. तुमच्या तोंडून आयकीन तवा या घरचं पानी पिईन." आणि पंगत मांडलेली सोडून तो गाडी जुंपून निघून गेला.

लेकीला घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. वर्ष सरल्याशिवाय ती घराबाहेर पडणार नाही, असं सासरने सांगितलं. वर्ष सरल्यावर म्हणाले, बापाने स्वतः दारात येऊन मागावी, मग पाठवू. बाप दारात येईना, भासरा तोंड उघडेना. दोन पुरुषांच्या दोन हट्टांमध्ये जयवंता बसून राहिली. भासऱ्याशी बोलायची तर सोयच नव्हती. थोरल्या दिराला सून तोंड दाखवत नाही, त्याच्याशी बोलत नाही, काही सांगायचंच झालं तर जावेमार्फत सांगते. ती रीतच होती. माणिकबाईला सांगावं तर ती म्हणायची, "जयवंते, मले त्यांच्या रागाचं भेव वाटते वं, तुले नाई का वाटत?" आणि विषय तिथेच संपायचा. विशीतल्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता, पण तो विचारायला त्या घरात कुणाला सवड नव्हती.

वर्ष सरल्यानंतरच्या हिवाळ्यात खुशालराव मुंबई पाहायला गेले. आगगाडी तेव्हा मलकापूरपर्यंत आली होती. तिथवर बैलगाडीने, पुढे गाडीत बसून, असे ते गेले आणि पंधरवड्याने परत आले ते दुसरंच माणूस होऊन. डोक्याला नवा फेटा होता आणि तोंडात एकच विषय होता, कुलाब्याची दांडी.

दांडी म्हणजे समुद्राच्या टोकावरचा उंच मनोरा, वर दिवा असलेला. मुंबईकर तिला तसंच म्हणत. दलालाच्या कारकुनाने खुशालरावांना ती दाखवायला नेलं होतं. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली की खुशालराव ती गोष्ट सुरू करायचे. तिथे समुद्रात पाण्याखाली खडक कसे दडलेले आहेत, त्यांच्यावर आपटून किती गलबतं फुटली, लाकडं आणि मुडदे काठाला कसे लागायचे. मग सरकारने हा मनोरा बांधला, त्याला शंभरेक वर्षं झाली म्हणतात. जिने चढताना छाती कशी भरून येते, वरून समुद्र कसा दिसतो, शेटजींच्या बायका घोडागाडीत बसून फराळाचं घेऊन तो कशा बघायला येतात, हे सगळं ते हात हलवून सांगायचे. आणि शेवटी, वर दिवा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने कारकुनाच्या तोंडून त्यांना काय सांगितलं ते यायचं.

"तो बुढा म्हने, जिथं धोका, तिथं दिवा. दिवा दिसला का कप्तान जहाजाचं तोंड फिरवते."

इथे कुणीतरी हमखास म्हणायचं की कप्तान येडा दिसते, आपल्याले तर दिवा दिसला का भाकर दिसते. ओटा हसायचा. दाराआड बसलेली जयवंताही एकदोनदा हसली होती. ती गोष्ट सगळ्या गावाने इतक्यांदा ऐकली की पोरंसोरंही ती खुशालरावांच्या आवाजात म्हणून दाखवायची. सगळ्यांनी ऐकली आणि कुणीच ऐकली नाही.

कारण बोरवंडाला दिव्याचा अर्थ आधीच ठाऊक होता. उताराला लागून तानुबाई माळणीचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी आणि बांधावर झेंडू. अंधाऱ्या पाखात तानुबाई उताराच्या तोंडाशी बाभळीला कंदील टांगायची. पलीकडून येणारे गाडीवान त्या उजेडाचा रोख धरून गाडी पाण्यात घालायचे आणि अलीकडे आल्यावर तिच्याकडून भाजी घ्यायचे. तेल तिचं, गरजही थोडी तिचीच. पण वर्षानुवर्षं असं चाललेलं, की बैलांनासुद्धा माहीत होतं. उजेड दिसला की ते आपण होऊन मान तिकडे वळवायचे, कारण उजेडापाशी वैरण असते.

माघात खुशालरावांनी जाहीर केलं की ते बोरवंडात दांडी बांधणार. सहदेवाच्या नावाने, आणि सहदेव जिथे गेला तिथेच, डोहाच्या काठावर. पुन्हा कुणाचा जीव तिथे जायला नको. बोलताना त्यांचा गळा भरून आला होता, आणि ते नाटक नव्हतं. या माणसाला रात्री झोप लागत नसे, हे माणिकबाईने जयवंताला सांगितलं होतं. एक वाक्य बोलला असता तर झोप लागली असती. ते वाक्य त्याला बोलवेना, म्हणून त्याने मनोरा बांधायला घेतला.

गावातल्या एकदोघांनी, तेवढाच दगड उतारावर टाकून वाट पक्की करावी, असं सुचवून पाहिलं. खुशालराव म्हणाले, पाण्याखालचा दगड कुणाला दिसतो. ते सगळ्यांना पटलं, कारण त्या वर्षी वऱ्हाडात प्रत्येकाला दिसेल असंच काहीतरी करायचं होतं.

पातूरकडून पाथरवट आले. काळा दगड, चुना, आतून वळत जाणारा जिना. वरच्या खोलीच्या काचा मुंबईहून आल्या, मलकापूरपासून बैलगाडीत कापसाच्या थरांमध्ये निजवून. एकही फुटली नाही. दिव्यामागे उजेड फेकायला घरातली लग्नकार्याची मोठी पितळी परात चिंचेने घासून उभी केली. समोर बोटाएवढ्या वातींचा दिवा, करडीच्या तेलाचा. पावसाळ्याआधी काम पुरं झालं आणि पहिल्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला. उजेड नदीवरून पलीकडच्या माळापर्यंत जाऊन पडला होता.

मग माणसांची रीघ लागली. अकोल्याच्या जठारपेठेतून व्यापारी कुटुंबं यायची, अमरावतीहून सरकीचे ठेकेदार यायचे, बार्शीटाकळीच्या बाजाराला निघालेले लोक वाट वाकडी करून यायचे. कुणी जिना चढून वरून नदी बघायचा आणि समुद्र बघितल्याचं समाधान मानायचा. फुटाणेवाला बसला, बांगडीवाली बसली. एका सकाळी पायथ्याच्या दगडाला कुणीतरी शेंदूर फासलेला दिसला, आणि आठवडाभरात तिथे नारळ फुटू लागले. खुशालराव फेटा बांधून पायरीवर बसायचे आणि कुलाब्याची गोष्ट नव्याने सांगायचे. लोक माना डोलवायचे. बोरवंडाचं नाव चार गावांत झालं.

तानुबाई एकदा तेलाचा डबा घेऊन उताराकडे निघाली होती, तेव्हा खुशालराव हसून तिला म्हणाले, आता या सूर्यापुढे तुझा काजवा कशाला, तेल वाचव. तिलाही ते पटलं. तिने बाभळीवरचा कंदील उतरवला आणि घरात चुलीपाशी टांगला.

दिवा लावायचं काम जयवंताकडे आलं. नवऱ्याच्या नावाचा दिवा, तिनेच लावावा, असं माणिकबाईने भासऱ्याचा निरोप म्हणून सांगितलं. ती रोज दिवेलागणीला जिना चढायची, काचा पुसायची, परात घासायची, वाती सारायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. घरात ती नवरा गिळलेली बाई होती. वर तिला तसं म्हणायला कुणी नव्हतं. आणि पश्चिमेकडे तोंड केलं की नदीपलीकडे दूरवर झाडांची एक काळी रेघ दिसायची, तिच्याही पलीकडे बार्शीटाकळी होती. आपण लावलेला उजेड बापाला दिसत असेल का, असा विचार तिच्या मनात रोज यायचा. दिसणं शक्य नव्हतं, तरी यायचा.

पोळ्याच्या आधी तानुबाई बार्शीटाकळीच्या बाजाराला झेंडू घेऊन निघाली, तेव्हा जयवंताने तिला पाणवठ्यावर गाठलं. तिने निरोप तीनतीनदा घोकून घेतला. "माह्या बाले सांगजो, त्यानं तोंडानं सांगतलं नाई, पन दगडानं सांगतलं. एवढा मानूस उगाच कोनाच्या नावानं एवढं बांधत नाई. आता राग सोड म्हना. मले घ्याले ये. संध्याकाळ झाली तरी भेव नाई, दिवा लय दूरून दिसते. उजेडाच्या नाकासमोर ये म्हना."

तानुबाईने निरोप पोचवला आणि उत्तर आणलं. पुंजारामने आधी निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला म्हणे. मग त्याने विचारलं, दिवा खरंच सहदेवाच्या नावाचा आहे का. आहे म्हटल्यावर त्याने डोळे पुसले. तो म्हणाला की एवढं केलं म्हणजे त्या माणसाच्या मनात आहे, तोंडाला जमत नसेल. पोळा झाला की येतो, दिवाही बघतो आणि लेकीला घेऊन जातो. तानुबाईने हे सांगितलं तेव्हा जयवंता मेथीची जुडी हातात धरून नुसती उभी राहिली. घरी गेल्यावर तिने आपलं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, आईची पितळी फणी आणि सहदेवाचा एक सदरा. खुशालरावांनीही माणिकबाईकरवी कळवलं की व्याही दारात आला तर आपली हरकत नाही.

भाद्रपद लागला. चार दिवस पाऊस पडून उघडला होता. उतारावर पाणी गुडघाभर, डोहात मात्र हत्ती बुडेल एवढं. त्या संध्याकाळी आभाळ दाटलेलं होतं आणि अंधार लवकर पडला. जयवंताला आतून वाटत होतं की बाप आज येईल. तिने रोजच्यापेक्षा जास्त वाती लावल्या, तेल काठोकाठ भरलं, परात दोनदा घासली. खाली अकोल्याची चारदोन पाहुणेमंडळी होती, खुशालराव होते, फुटाणेवाला होता. दिवा पेटल्यावर सगळ्यांनी वर बघून वाहवा केली. आजचा उजेड काही औरच, असं कुणीतरी म्हणालं.

थोड्या वेळाने पलीकडून घुंगरमाळांचा आवाज आला. पोळ्याच्या नव्या घुंगरमाळा, खणखणीत. कुणीतरी दिवा बघायला येतंय, म्हणून पाहुण्यांना कौतुक वाटलं. जयवंता जिना उतरून काठावर येऊन उभी राहिली. पलीकडे जिथे वाट फुटते, डावीकडे उताराला आणि उजवीकडे जुन्या वाटेला, तिथे आवाज क्षणभर थांबला. मग तो सरळ दिव्याच्या रोखाने यायला लागला. बैलांना मारावं लागलं नसणार. उजेड दिसल्यावर बैल थांबत नाहीत.

"बा," जयवंताने हाक मारली.

पलीकडून हाक आली, "आलो गे माय." आवाजात हसू होतं. अलीकडचे लोकही आनंदाने ओरडले, या या, सरळ या; स्वागताच्या भरात खालचा डोह कुणाच्या ध्यानी आला नाही. खुशालरावांनी स्वतः हात वर करून बोलावलं. आपल्या दारात व्याही येतोय, याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. मग बैल पाण्यात शिरल्याचा आवाज आला, आणि घुंगरमाळा एकाएकी बंद झाल्या.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. पोहणारे उतरले, दोर टाकले. दिव्याचा उजेड भरपूर होता, त्यामुळे सगळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. सकाळी पुंजाराम खालच्या वळणाला सापडला. बैल जुवासकट वर काढले तेव्हा त्यांच्या शिंगांवर पोळ्याचा हिंगूळ तसाच होता. गाडीत एक गुळाची ढेप होती, ती निम्मी विरघळून गेली होती.

जयवंता रडली नाही, म्हणून गावातल्या बायकांनी तिला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी ती तानुबाईच्या मळ्यात गेली आणि म्हणाली की कंदील पुन्हा बाभळीला टांग. तानुबाईचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "पोरी, मी टांगतो. पन दोन दिवे असले, तर बैल कोन्या दिव्याकडं जाईन?"

जयवंता तिथेच बांधावर बसली. तेव्हा तिला ओट्यावरची ती गोष्ट आठवली, हसण्यासकट. दिवा दिसला का कप्तान जहाजाचं तोंड फिरवते. समुद्रावरच्या माणसांनी आपसांत ठरवून घेतलं होतं की हा उजेड म्हणजे इकडे येऊ नका. इथे तसं कुणी ठरवलं नव्हतं. इथे उजेड म्हणजे या, हातपाय धुवा, भाकरी खा. खुशालरावांनी मुंबईहून मनोरा आणला, काचा आणल्या, गोष्टही आणली. तिच्यातलं कामाचं तेवढं एक वाक्य हसण्यावारी गेलं. आणि आपण बापाला निरोप काय पाठवला, तर उजेडाच्या नाकासमोर ये. ती उठली आणि तशीच घराकडे निघाली.

तिने माणिकबाईला सांगितलं की दिवा बंद करा, निदान उतारापाशी नेऊन लावा. माणिकबाईने धीर करून नवऱ्याच्या कानावर घातलं. उत्तर आलं की पुंजारामची वाट चुकली, त्याला दिवा काय करणार. आणि जिल्ह्याचा साहेब दांडी बघायला यायचाय, आता दिवा बंद ठेवला तर बोरवंडाची शोभा होईल. जयवंताने दुसऱ्या दिवसापासून जिना चढणं सोडलं. खुशालरावांनी त्या कामाला गडी ठेवला. दिवा एकही संध्याकाळ चुकला नाही.

कार्तिकात साहेबाचा कारकून आधी पाहणीला आला, बरोबर अमरावतीचे चार बडे लोक. पायऱ्यांवर सतरंजी अंथरली होती, पानसुपारी झाली. दोन महिन्यांपूर्वी इथे माणूस बुडाल्याचं कुणी काढलं नाही. खुशालरावांनी गोष्ट सुरू केली. खडक, गलबतं, लाकडं, मुडदे. मग ते आपल्या दिव्यावर आले. हा दिवा झाल्यापासून किती गाड्या वाचल्या याला गणती नाही, असं ते म्हणाले. सगळं गाव उभं होतं. सगळ्यांनी माना डोलवल्या.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जयवंता पुढे आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. ती भासऱ्याच्या समोर, चार हातांवर येऊन उभी राहिली. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. माणिकबाईने पाठीमागून तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला.

"गोष्ट पुरी सांगा, भाऊजी," ती म्हणाली. "बुढ्यानं शेवटी काय सांगतलं थे सांगा."

खुशालराव तिच्याकडे बघत राहिले. तिचा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच समोरून ऐकला होता. कारकुनाला वाटलं हा गोष्टीचाच भाग आहे. त्याने हसून विचारलं, काय सांगितलं म्हाताऱ्याने?

"दिवा दिसला का तोंड फिरवा म्हने. इकडं येऊ नोका." जयवंताची नजर भासऱ्यावरून हलली नाही. "हे तुमाले ठावं होतं. आमाले बी ठावं होतं, रोज आयकत होतो. माह्या बापाले कोनी सांगतलं नोतं. तो बिचारा बोलावल्यावानी आला. म्या बोलावलं. तुमी बी हात वर केला होता. आता तरी सांगा, जुन्या वाटेनं घाल म्हनून माह्या नवऱ्याले कोन म्हनलं?"

खुशालरावांचे ओठ हलले. तो क्षण असा होता की ते बोलले असते. पाहणाऱ्यांनी नंतर शपथेवर सांगितलं, की पाणी डोळ्यांत आलं होतं आणि शब्द जिभेवर आला होता. मग त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, वरच्या काचांकडे पाहिलं.

"तिचं डोकं ठिकानावर नाई," ते हळूच म्हणाले. "दुःख लय झालं तिले." आणि पानाचं तबक त्यांनी कारकुनापुढे सरकवलं.

बायका जयवंताला धरून घरी न्यायला पुढे झाल्या. धरावं लागलं नाही, ती आपण होऊनच चालत होती. बार्शीटाकळीला जायला आता कुणी उरलं नव्हतं. बापाचं शेत चुलतभावांनी वाटून घेतलं होतं आणि त्यांच्यातला कुणी तिला न्यायला येणार नव्हता. तिने गाठोडं सोडलं आणि लुगडी पुन्हा खुंटीला टांगली.

साहेब येऊन गेला. त्याने जिना चढून नदी पाहिली, छान म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात ती दूरदेशची लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन खाली आला. चांदीच्या शेंब्या उतरल्या, कलावंतिणी आल्या वाटेने परत गेल्या. दांडी तेवढी राहिली, आणि बघायला येणारेही राहिले. त्या पावसाळ्यात अकोल्याकडची आणखी एक गाडी डोहात गेली. वाट चुकली असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. शेंदराचा थर वाढतच चालला होता.

खुशालराव पायरीवर बसून गोष्ट सांगत. खडक सांगत, फुटलेली गलबतं सांगत, घोडागाडीतल्या शेटाण्या सांगत, भावाच्या आठवणीने गळा भरून आणत. म्हाताऱ्याचं ते शेवटचं वाक्य मात्र त्या दिवसापासून गोष्टीतून गेलं. पोरंसोरंही ते विसरली. नवीन ऐकणाऱ्याला काही राहून गेल्यासारखं वाटत नसे.

संध्याकाळी दिवा लागला की त्याचा उजेड घराच्या मागच्या दारातून चुलीपर्यंत यायचा. त्या वेळी जयवंता हातातलं काम टाकून उठायची, दार लावायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. नवीन आलेल्या पाहुण्यांना माणिकबाई सांगायची, तिच्याकडे लक्ष देऊ नका. दिवा पाहून तोंड फिरवणारी सगळ्या बोरवंडात ती एकटीच होती.